दोन मिनिटांच्या गाण्याची सवय लागलेल्या श्रोत्यांसमोर ख्याल कसा मांडावा

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात गाणं शिकवते आणि गणेशोत्सव, कोजागरी, कुणाच्या घरची बैठक, जिथून बोलावणं येईल तिथे गाते. माझ्याकडच्या मोठ्या मुलामुलींना आता स्वतःचे कार्यक्रम मिळू लागले आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच आहे: "ताई, लोक ऐकतच नाहीत. विलंबित सोडून सरळ अभंगच घ्यायचे का?" (विलंबित म्हणजे ख्यालातला संथ लयीचा पहिला भाग.) त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी समोर बसलेला माणूस समजून घ्या. 1995 मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं, 2004 मध्ये सोनीवर 'इंडियन आयडल' आलं. आज तिशीत असलेला श्रोता ह्याच कार्यक्रमांवर वाढला. तिथे एकेका स्पर्धकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात. मुखडा, एखादा अंतरा, शेवटी वरच्या सुरातली एक जागा, की झालं. पण श्रोत्याला नुसती कमी वेळाची सवय लागली असं मला वाटत नाही. गाण्याआधी स्पर्धकाच्या घरची चित्रफीत दाखवतात, म्हणजे हळवं कुणासाठी व्हायचं ते ठरलं. गाणं चालू असताना कॅमेरा सारखा परीक्षकांच्या चेहऱ्याकडे वळतो. त्यांच्या भुवया उंचावल्या की जागा चांगली आली, ते उभे राहिले की गाणं थोर झालं. काय ऐकायचं आणि दाद कुठे द्यायची हे ऐकणाऱ्याला स्वतः ठरवावंच लागत नाही. तोच माणूस तुमच्यासमोर येऊन बसतो, विलंबित सुरू होतं, आणि खूण करणारं कुणी नसतं. तो कंटाळलेला नसतो, खोळंबलेला असतो.

एका गणेशोत्सवात विलंबिताची स्थायी आणि अंतरा (गाण्याच्या शब्दांचे दोन भाग) गाऊन झाला होता. तबलजी हातोडीने तबला जरा चढवून घेत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या काकू पुढे वाकून मला म्हणाल्या, "अगं, छान चाललंय, पण गाणं केव्हा सुरू करणार?" त्या अगदी मनापासून विचारत होत्या, आणि मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. सुरुवात कशाला म्हणायची हे त्यांना कुणी दाखवलेलंच नव्हतं.

वेळ कमी असणं ही नवी गोष्ट नाही. 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवावा लागे. हेच गवई बैठकीत तासन् तास गात आणि तबकड्या ऐकणारे लोक त्या बैठकींना येत. तेव्हा लांबी कापायच्या मागे लागू नका. खुणा द्यायला शिका.

पहिली खूण म्हणजे बंदिश, ख्यालाची शब्दांत आणि तालात बांधलेली रचना. ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीचा इथे मोठा आधार आहे. आपल्याकडे सुरुवातीची आलापी थोडकी असते, बंदिश लवकर येते, स्थायी-अंतरा पूर्ण मांडला जातो, आणि विलंबिताची लयही फार संथ नसते. ही परंपरा तशीच पाळा. स्थायी दोनदा म्हणा आणि शब्द स्वच्छ उच्चारा. शब्द कळले की श्रोत्याला धरायला काहीतरी मिळतं. तानपुरे आणि तबला आतल्या खोलीतच मिळवून बाहेर या. रंगमंचावर गेलेली पहिली पाच मिनिटं नंतर भरून काढता येत नाहीत.

दुसरी खूण समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, आणि ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते. गाण्यापूर्वी दोन वाक्यं बोला. रागाचा इतिहास नको, गुरुपरंपराही नको. एवढंच सांगा की हा सोळा मात्रांचा ताल आहे आणि बंदिशीचा अमुक शब्द पहिल्या मात्रेवर येऊन पडेल, तेवढा पकडा. मग तबलजींना तीनतालाचा साधा ठेका दोन आवर्तनं (तालाच्या दोन फेऱ्या) वाजवू द्या आणि तुम्ही हाताने दाखवा: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात उलटा, म्हणजे खाली. विलंबित तिलवाडा तालात असलं तरी मात्रा सोळाच, म्हणून हा हिशेब तिथेही चालतो. माझी एक विद्यार्थिनी हे सांगून गायली, तेव्हा तिसऱ्या रांगेत एक कॉलेजातला मुलगा मोबाइल मांडीवर ठेवून बोटांनी मात्रा मोजत होता. दोन वेळा त्याचा हात समेच्या आधीच पडला. तिसऱ्यांदा सम बरोबर सापडली आणि त्याने शेजारच्या मित्राला कोपराने ढोसलं. त्यानंतर त्याने मोबाइल उचलला नाही. एरवी परीक्षक जी दाद द्यायला शिकवतो, ती त्या मुलाने स्वतः शोधून काढली. ही वेळ येऊ द्यावी म्हणूनच ती दोन वाक्यं बोलायची. हात मात्र दोनच आवर्तनं दाखवा, नाहीतर वर्ग भरल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट, वरच्या षड्जाची (तार षड्ज, म्हणजे वरचा सा) घाई करू नका. स्पर्धेत सगळं त्या एका उंच जागेसाठी रचलेलं असतं, आणि टाळी मिळते म्हणून आपली मुलंही पाचव्या मिनिटाला तार षड्जावर जाऊन उभी राहतात. मग पुढे न्यायला काही उरत नाही. टाळी मिळते हे खरं, पण ती मिळताच श्रोत्याच्या मनात गाणं संपलेलं असतं. तार षड्ज दिसू द्या, त्याच्या खालच्या निषादावर थांबा, परत खाली या. लोकांना तो सूर हवाहवासा वाटू लागला की मगच द्या.

अंग, म्हणजे गाण्यातल्या कामाचा प्रकार, बदलत राहा. ग्वाल्हेरच्या अष्टांग गायकीत आलाप, बोलआलाप, बहलावा, बोलतान, तान, लयकारी असं पुष्कळ आहे. पाच मिनिटं एकच काम चालू ठेवू नका. पडद्यावर दृश्य बदलतं तेव्हा डोळा ताजा होतो, इथे अंग बदललं की कान ताजा होतो. चाळीस मिनिटं मिळाली तर मी अशी वाटणी सुचवते: विलंबित अठरा-वीस, त्याच रागात द्रुत (जलद लयीतला ख्याल) सात-आठ, मग टप्पा (झटपट फिरतीचा प्रकार) किंवा तराणा (अर्थ नसलेल्या बोलांचा प्रकार) पाच, आणि उरलेल्या वेळात अभंग. टप्पा आपल्या घराण्याचा दागिना आहे, आणि झटपट फिरतीची आवड असलेल्या आजच्या कानाला तो लगेच पटतो. तो कार्यक्रमातून गाळू नका.

हे सगळं मी कीर्तनातून शिकले. तानसेन समारोहाच्या सकाळी हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी शहनाईनंतर ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा कीर्तनकारांच्या परंपरेतली हरिकथा होते. थंडीत उघड्यावर बसलेली माणसं ती शेवटपर्यंत ऐकतात. नारदीय कीर्तनाची बांधणी पाहा: नमन, मुख्य अभंग, पूर्वरंगात निरूपण, मध्यंतरी नामगजर, मग उत्तररंगात आख्यान. माणूस ताणला गेला की बुवा टाळ्या वाजवायला लावतात, तो सैल झाला की पुन्हा अर्थाकडे आणतात. गाणाऱ्याने वर्षातून काही कीर्तनं फक्त ह्यासाठी ऐकावीत, शक्यतो मागच्या रांगेत बसून.

आयोजकांशी आधीच बोलून ठेवा. निवेदकाला तीन ओळी लिहून द्या आणि "जोरदार टाळ्या" म्हणू नका अशी नम्रपणे विनंती करा. गाणं संपल्यावर पाहुण्यांनी मंचावर येऊन अभिप्राय देण्याचीही पद्धत पडली आहे, ती टाळता आली तर उत्तम. ध्वनिव्यवस्थेवाल्याला इको बंद ठेवायला सांगा. सभागृहातले दिवे पूर्ण मालवू देऊ नका, चेहरे दिसले पाहिजेत.

स्पर्धांमुळे झालेलं भलंही सांगते. झी मराठीवर 2008-09 मध्ये 'लिटिल चॅम्प्स' चालू होतं तेव्हा इथल्या ज्या मराठी घरांत मुलं हिंदीतच बोलायची, त्या घरांत अभंग आणि नाट्यपदं गुणगुणली जाऊ लागली. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं त्यातूनच आली. म्हणून कुणी मूल स्पर्धेला जातं म्हणालं तर मी त्याला तयार करते, पण ते दोन मिनिटांचं गाणं वेगळ्या वारी घेते. नेहमीच्या रियाजात त्याची सरमिसळ होऊ देत नाही. आणि पालकांना सांगते की आठवड्यातून एकदा मुलाबरोबर बसून एक राग पूर्ण ऐका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. घरातला मोठा माणूस बसला तरच मूल बसतं.

शेवटचं काम कार्यक्रमानंतरचं. एक रेकॉर्डर मागच्या रांगेत ठेवायला सांगा, थेट मिक्सरमधून घेतलेलं ध्वनिमुद्रण ह्यासाठी चालत नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ऐका. खुर्च्या कुठे करकरल्या, खोकले कुठे सुरू झाले, कुजबुज कुठे वाढली आणि सगळं कुठे शांत झालं, ते मिनिटांसकट लिहा. बहुतेक वेळा चुळबुळ सुरू होते ती तुम्ही एकच काम लांबवलेलं असतं तिथेच. पुढच्या कार्यक्रमात त्या जागेच्या दोन आवर्तनं आधी अंग बदला, आणि रेकॉर्डर पुन्हा त्याच रांगेत ठेवा.