अंबाडी-तागाचा वाख पानांनी रंगवायचा, तर आत्ताच तयारी करा

भादवा सरत आला की तुरीच्या कडेची अंबाडी फुलायला लागते. वाखासाठी, म्हणजे सालीतल्या धाग्यासाठी, ती निम्मीअर्धी फुलावर असतानाच कापा. ताग फुलं संपून कोवळ्या शेंगा धरेपर्यंत चालतो. बोंडं पिकू दिलीत तर वाख राठ होतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो. बियाण्याची ओळ वेगळी राखा.

साल सुटावी म्हणून पेंढ्या पाण्यात कुजवायला ताग चार ते सात दिवस घेतो, अंबाडी दहा ते पंधरा. बेळगावकडच्या खानापूर-जांबोटीच्या गारव्यात जास्त लागतात, चिक्कोडीकडच्या उन्हात कमी. रोज एक काडी काढून साल सुटते का बघा. कुजवण ओढ्यात किंवा मलप्रभेच्या काठी करू नका. त्या पाण्याने मासे मरतात, जनावरं तोंड लावत नाहीत. शेतात खड्डा काढा.

रंग बिघडला की लोक पानाला दोष देतात. बहुतेक वेळा चूक धुण्यात असते. किलोभर सुक्या वाखाला तीसेक ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढा. मग गेल्या हंगामातल्या वाळक्या हिरड्याची दीडशे-दोनशे ग्रॅम पूड पाण्यात कालवून वाख रात्रभर भिजवा. सकाळी पिळून, तेवढ्याच तुरटीच्या कोमट पाण्यात पुन्हा रात्रभर ठेवा. क्रम उलटा करू नका. हिरडा वाखाला धरतो, तुरटी हिरड्याला धरते आणि रंग त्यांच्यावर बसतो. ही दोन रात्रींची भिजवण टाळून काढलेला रंग पहिल्या धुण्यातच उतरतो.

पानांत आपल्याकडे सागाला तोड नाही. शेंड्याचं कोवळं पान तळहातावर चोळा. हात लाल झाला तर पान कामाचं. बांधावरच्या सागाचीच पानं घ्या, भीमगड अभयारण्यात शिरू नका. वाखाच्या दुप्पट ओली पानं कुटून तासभर मंद उकळा, गाळा, मग त्यात वाख तासभर ठेवा. तांबूस तपकिरी रंग येतो. आंब्याच्या पानांनी पिवळा येतो, तोच हिराकसात (लोहाच्या क्षारात) बुडवला की शेवाळी होतो. हिराकस किलोला दहा-वीस ग्रॅमच बास, जास्त झाला तर वाख कुजका होऊन तुटतो. मोरचूद (तांब्याचा क्षार) मात्र नकोच, ते विषारी आहे. भांडं स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं असावं. लोखंडी कढईत सगळेच रंग काळवंडतात.

रंगवायचं ते दोर वळण्याआधी. पीळ पडला की आत रंग पोचत नाही आणि कासरा झिजला की आतला पांढरा गाभा दिसतो. वाळवण सावलीत, वाऱ्यावर. आश्विनातलं ऊन या रंगांना खातं. एका मागणीचा सगळा वाख एकाच घाण्यात काढा, दुसऱ्या घाण्याशी छटा जुळत नाही. आणि परतीचा पाऊस दारात असताना घाणा लावू नका. ओला वाख ढिगात दोन दिवस राहिला की बुरशीचे डाग पडतात आणि ते कशाने जात नाहीत.