ऑक्टोबरची रोझरी आणि नोव्हेंबरमधली नावं : घरात हे दोन महिने कसे पाळायचे

ऑक्टोबर लागला की चर्चमध्ये फादर सांगतात, घरोघरी रोज रोझरी करा, म्हणजे मरियामातेची जपमाळ म्हणा, मग पहिल्या दिवशी आपण उत्साहाने पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) म्हणतो आणि चार दिवसांत कुणाचा क्लास निघतो, कुणाची शिफ्ट बदलते, की माळ परत ड्रॉवरमध्ये. आमच्याकडेही बरीच वर्षं असंच चालायचं. आता महिनाभर टिकते, ती कशी टिकते ते सांगते, कारण मला मनापासून वाटतं की ऑक्टोबर नीट झाला तरच नोव्हेंबर नीट होतो. माळ धरायची सवय लागलेली असली की गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना आपोआप होते, नाहीतर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, नुसती कबरीवर फुलं ठेवून आपण परत येतो.

पहिल्याच दिवशी पाच दशकं करू नका. एकच करा. "आमच्या पित्या" ही प्रार्थना एकदा, "नमो मरिया" ही मरियेची प्रार्थना दहादा, "पित्याला गौरव" एकदा, पाच मिनिटंही लागत नाहीत. आठवडाभर तेवढंच, पण रोज, ठरलेल्या वेळी, जेवण झाल्या झाल्या, भांडी तशीच राहू द्या. दुसऱ्या आठवड्यात दोन करा, लहान मुलं असतील तर दोनवरच थांबलात तरी चालेल. मुलं तिसऱ्या दशकाला मांडीवर झोपतात, झोपू द्यावं, तो आवाज कानावर घेऊन झोपणं हीसुद्धा त्यांची प्रार्थनाच आहे असं मी मानते.

माळ पूर्ण करायची असेल तेव्हाचा क्रम सोपा आहे. क्रूस हातात घेऊन विश्वासांगीकार (आपल्या श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना), पहिल्या मोठ्या मण्यावर आमच्या पित्या, मग तीन छोट्या मण्यांवर तीन नमो मरिया, श्रद्धा, आशा आणि प्रीती मागून, आणि पित्याला गौरव. पुढे पाच दशकं. नेहमीच्या माळेत असे एकूण ५९ मणी असतात. रहस्यं म्हणजे येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, दर दशकाला एक मनात आणायचा, त्यांचे वार पण पाठ होतात, सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवार प्रकाशाची. ही प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये दिली, म्हणून घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ती सापडली नाहीत तर गोंधळून जाऊ नका, बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर आणि पवित्र मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) स्थापना अशी पाच एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घाई. एक जण नमो मरियाचा पहिला अर्धा भाग म्हणत असतो आणि तो संपायच्या आधीच बाकीचे "पवित्र मरिये" सुरू करतात, आणि या धक्काबुक्कीत नेमकं येशूचं नाव गिळलं जातं. त्याच पोपनी लिहिलंय की नमो मरियाचा मध्यबिंदू म्हणजे येशूचं नाव. म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे, येशूचं नाव पूर्ण ऐकू आल्याशिवाय उत्तर सुरू करायचं नाही. एवढं एक करून बघा, प्रार्थनेचा सगळा सूरच बदलतो. माळ लांबते, हो, दोन-तीन मिनिटांनी लांबते, लांबू द्या.

आणि मन भरकटतं त्याचं काय? तर प्रत्येक मण्याला एक नाव द्या. आजारी मावशी, नोकरी गेलेला मित्र, ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे तो माणूस (त्याच्या मण्यावर मला वेळ लागतो). माझ्याकडे आईची माळ आहे, तिसऱ्या दशकातला सातवा मणी कधीतरी पडला आणि तिने तिथे काळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली. बोट गाठीवर आलं की मी आईचं नाव घेते, रोज. ती गाठ मी दुरुस्त करून घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

संतांचे सण या महिन्यात एकामागून एक येतात, सगळे पाळायला जाऊ नका, दमाल. १ तारखेला लिस्यूची तेरेझा, ४ ला असिसीचा फ्रान्सिस, ७ ला जपमाळेची माता, १५ ला आविलाची तेरेझा, १८ ला लूक, २८ ला सिमोन आणि यहूदा. यातले दोन-तीन निवडा आणि त्या संध्याकाळी माळेआधी त्या संताची एकच गोष्ट सांगा. मुलांना आविलाच्या तेरेझाची फार आवडते, ती १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या रात्री वारली आणि दुसऱ्या दिवशी तारीख होती १५ ऑक्टोबर, कारण त्याच रात्री नवं कॅलेंडर लागू होऊन मधले दहा दिवस गळाले. लूकच्या दिवशी गोष्ट शोधायचीही गरज नाही, उधळ्या पुत्राचा दाखला फक्त त्याच्याच शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) आहे, तोच वाचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एक वही काढा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून गेलेल्यांची नावं लिहा. आजी-आजोबा, शेजारी, शाळेतल्या बाई, जन्माआधी गेलेलं बाळसुद्धा. लिहिताना गोष्टी निघतात, कुणी रडतं, थांबायचं आणि परत लिहायचं. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, मिस्सा चुकवू नका. २ तारखेला सर्व मृत भाविकांचा दिवस, त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करता येतात, ही परवानगी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी दिली.

१ ते ८ नोव्हेंबर हे आठ दिवस मात्र जपा. या दिवसांत कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात केली तरी, तर शुद्धिस्थानातल्या (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेतल्या) आत्म्यासाठी पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांची क्षमा झाल्यावरही उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सुटका, मिळवता येते, दिवसाला एक. अटी नीट समजून घ्या. कन्फेशन करायचं, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायची, एका कन्फेशनवर आठही दिवस भागतात, पण कम्युनियन (मिस्सामधला ख्रिस्तप्रसाद) मात्र त्या-त्या दिवसाचं वेगळं घ्यावं लागतं, पोपच्या हेतूसाठी एक आमच्या पित्या आणि एक नमो मरिया म्हणायचं, आणि लहानशा पापाचीही ओढ मनात ठेवायची नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड, म्हणून कन्फेशन ऑक्टोबरच्या शेवटीच उरकून घ्या, १ तारखेच्या रांगेत उभं राहून नीट आत्मपरीक्षण होत नाही.

रोज जमणार नसेल तर एक दिवस जा, पण वही घेऊन जा. आम्ही कबरीपाशी उभं राहून नावं मोठ्याने वाचतो, एक नाव, मग थोडं थांबणं, मग पुढचं. धाकट्याला वाचायला दिलं तर तो अडखळत वाचतो, आणि त्याने ज्यांना कधी पाहिलंच नाही त्यांची नावं त्याच्या तोंडून ऐकताना माझा गळा दाटून येतो.

पुढे महिनाभर त्या वहीतली रोज दोन-तीन नावं माळेनंतर घ्यायची. ख्रिस्तराजाच्या रविवारपर्यंत यादी संपते, त्यानंतरच्या रविवारी आगमनकाळाची, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांची, पहिली मेणबत्ती लागते. वही माळेच्याच डबीखाली ठेवा, वर्षभरात जे जातील त्यांची नावं तेव्हाच्या तेव्हा लिहायला हाताशी असली पाहिजे.