सर्बियन हँडबॉलपटूची कारकीर्द कशी लिहावी

सर्बियन हँडबॉलपटूचा परिचय लिहायला बसताना सुरुवात एकूण गोलांच्या आकड्याने करू नये. तो कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडून आणि कोणत्या देशाच्या नावाने खेळला, याचा तक्ता आधी तयार करावा. निम्म्याहून अधिक चुका तिथेच टळतात.

देशाचे नाव हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. 1992 पर्यंत खेळाडू जुन्या युगोस्लाव्हियाकडून खेळले, त्यानंतर सर्बिया आणि माँटेनेग्रो एवढ्यांच्याच युगोस्लाव्हियाकडून, 2003 पासून ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ या नावाने, आणि 2006 पासून स्वतंत्र सर्बियाकडून. त्यामुळे 1999 आणि 2001 च्या विश्वचषकातील कांस्यपदके सर्बियाच्या नावावर सरसकट टाकू नयेत. पदक मिळाले तेव्हा संघाचे जे नाव होते तेच लिहावे. 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाचे संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर पडले, म्हणून त्या काळात एखाद्याच्या नावापुढे राष्ट्रीय सामने दिसत नसतील तर दुखापत किंवा खराब फॉर्म असा तर्क लढवू नये. आर्पाद श्टेरबिकसारखा गोलरक्षक तर सेंता या गावी जन्मला, युगोस्लाव्हियाकडून खेळला आणि 2013 मध्ये विश्वविजेता झाला तो स्पेनकडून.

क्लबांची नोंद करताना हंगाम दोन वर्षांत विभागलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. ‘2009–10’ असे लिहिले, तर उन्हाळ्यात मिळालेले विजेतेपद चुकीच्या वर्षात जात नाही. सर्बियात शाबात्सच्या मेटालोप्लास्टिकासारखा मानाचा क्लब आहे आणि 1985 व 1986 मध्ये त्याने युरोपीय चषकही जिंकला. तरीही पैसा आणि स्पर्धेची धार जर्मनी, स्पेन, फ्रान्स, हंगेरी येथील क्लबांकडे अधिक असल्याने चांगला खेळाडू बहुधा तरुणपणीच देश सोडतो. मोमिर इलिच या लेफ्ट बॅकची, म्हणजे डाव्या बाजूने दुरून गोल मारणाऱ्या खेळाडूची, वाटचाल पाहा. अरांजेलोवात्स येथे जन्मलेला हा खेळाडू 2006 मध्ये जर्मनीच्या गुमर्सबाखकडे, 2009 मध्ये जर्मनीच्याच कीलकडे आणि 2013 मध्ये हंगेरीच्या वेस्प्रेमकडे गेला. कीलबरोबर त्याने 2010 आणि 2012 मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली.

गोलांचे आकडे आता घ्यावेत, पण खेळाडूच्या मैदानातील जागेनुसार वाचावेत. सात मीटरवरून मारलेले दंडगोल एकूण बेरजेत धरले जातात, त्यामुळे ते घेणाऱ्या खेळाडूचा आकडा फुगतो; स्रोतात वेगळी नोंद असल्यास ती अवश्य द्यावी. पिव्हट, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलाजवळ उभा राहणारा खेळाडू, गोल कमी करतो, पण त्यांच्या बचाव फळीत अडकून राहून सहकाऱ्यांना वाट मोकळी करून देतो. केवळ बचावासाठी मैदानात येणाऱ्या खेळाडूचे मोल तर गोलांच्या रकान्यात दिसतच नाही.

एक-दोन सामने मात्र सविस्तर लिहावेत. जानेवारी 2012 मध्ये सर्बियाने युरोपीय स्पर्धेचे यजमानपद भूषवले, उपांत्य फेरीत क्रोएशियाला 26–22 असे हरवले आणि बेलग्रेडमधील अंतिम सामना डेन्मार्कविरुद्ध 21–19 असा गमावला. तरीही स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू इलिचच ठरला. पराभवही असाच तपशिलाने लिहावा: 2016 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात त्याचा वेस्प्रेम संघ शेवटच्या पाव तासात 28–19 असा नऊ गोलांनी पुढे होता, पण पोलंडच्या कील्त्सेने बरोबरी साधली आणि अखेर दंडफेकींवर सामना जिंकला. माझ्या मते अशा खेळाडूच्या परिचयात पदकांच्या यादीपेक्षा या सामन्याला अधिक ओळी मिळायला हव्यात.

निवृत्तीनंतरचे काम शेवटी, पण वेगळ्या परिच्छेदात द्यावे. इलिच 2021 मध्ये वेस्प्रेमचाच मुख्य प्रशिक्षक झाला. प्रशिक्षक म्हणून मिळवलेली विजेतेपदे खेळाडूच्या विजेतेपदांच्या यादीत मिसळू नयेत.