डोंगळ्याला गोंडे आलेत, पंप उचलायच्या आधी फुलोरी मधमाशी बघा

जानेवारी-फेब्रुवारीत डोंगळ्याचे, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे, गोंडे (फुलांचे गुच्छ) उमलायला लागतात आणि नेमका तेव्हाच थ्रिप्सचा (फुलकिड्यांचा) पण जोर असतो, मग सकाळी उन्हं वर आली की जो तो पंप पाठीवर घेऊन प्लॉटमध्ये. घोळ इथंच होतो. कांद्याच्या फुलातला पराग आधी झडून जातो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग उपयोगाचा नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यायलाच लागतो. एका गोंड्यात शेकडो फुलं, ती पण टप्प्याटप्प्यानं उमलणार, दोन-तीन आठवडे तरी हे चालतं. एका फुलात जास्तीत जास्त ६ बिया. माशी फिरकली नाही तर गोंडा दिसायला भारी पण चोळला की नुसतं भुसकट, उळं (कांद्याचं बी) काय हातात येत नाही.

आता फुलोरीचं बघा, ही छोटी रानटी मधमाशी. बांधावरच्या झुडपात तळहाताएवढं एकच पोळं, थंडीत लवकर बाहेर पडत नाही, ऊन तापलं की दुपारपर्यंत जोरात काम. डोंगळा जागेवरून हलत नाही, फुलोरी मात्र धूर नाहीतर धक्का लागला की पोळं सोडून निघूनच जाते, आणि सातेरी मधमाशीसारखी पाळायच्या पेटीत पण राहत नाही. त्यामुळे मधासाठी आत्ता पोळी झाडू नका आणि बांध पेटवू नका (तेवढ्याशा पोळ्यात मध असतो तरी किती!)

थ्रिप्सची फवारणी गोंडे फुटायच्या आधीच उरकून घ्या. फुलं उमलल्यावर फिप्रोनिल, इमिडा, लॅम्बडा यातलं कुठलंच कीटकनाशक नको, हे माशीला फार घातक. अगदीच नाइलाज असेल तर कृषी सहायकाला विचारून सौम्य औषध, ते पण संध्याकाळी माश्या परतल्यावर.

माशी यावी म्हणून पिकावर गुळाचं पाणी मारायची फॅशन आलीय, मला काय पटत नाही, माशी पानावरचा गूळ चाटत बसेल, फुलावर कशाला जाईल? कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त म्हणून माशीला तो तसाही फार आवडत नाही, शेजारी मोहरी फुलली की ती तिकडंच पळते. सातेरीच्या किंवा मेलिफेरा मधमाशीच्या पेट्या भाड्यानं आणणार असाल तर साधारण १० टक्के फुलं उमलल्यावरच आणा, एकरी दोन-तीन, आणि पेटीजवळ पाणी ठेवा.