रोव्हर प्रवेशाची तयारी करताना या चुका टाळा

महाविद्यालयात आल्यावर रोव्हर क्रूमध्ये, म्हणजे स्काउट चळवळीतल्या मोठ्या मुलांच्या पथकात, नाव नोंदवणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचा पहिला प्रश्न ‘बॅज कधी मिळेल’ हा असतो. नागपुरात बरीच वर्षे प्रवेशाच्या चाचण्या घेताना त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्या एकदा लिहून काढणे मला आवश्यक वाटले.

सर्वांत जास्त राग येतो तो सेवेच्या डायरीचा. रोव्हरचे ब्रीदवाक्य ‘सेवा’ आहे (‘तयार राहा’ हे स्काउटचे, तोंडी परीक्षेत ही गल्लत नेहमीची), आणि तरीही तीन महिन्यांच्या नोंदी चाचणीच्या आदल्या रात्री, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहून आणल्या जातात. एका मुलाच्या डायरीत जुलैतल्या एका रविवारी ‘अंबाझरीजवळ लावलेल्या रोपांना सकाळी दोन तास पाणी घातले’ अशी सुवाच्य नोंद होती. त्या दिवशी पहाटेपासून नागपुरात असा पाऊस कोसळत होता की मी स्वतः आमच्या गल्लीतून बाहेर पडू शकलो नव्हतो. विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, “सर, पाऊस नंतर आला ना जी, आम्ही आधीच पाणी टाकून आलो होतो.” मी सही केली नाही. पुढचे दोन महिने त्याने खरोखर काम केले, आणि तेव्हाच्या नोंदी वेड्यावाकड्या, मातीचे डाग पडलेल्या, कुठे पेन्सिलीने तर कुठे हिरव्या शाईने लिहिलेल्या होत्या. माझी सवय अशी आहे की डायरी हातात घेतली की मी आधी अक्षर न वाचता शाई पाहतो. काम झाले त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहाव्यात. त्याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

दुसरी चूक गाठींची. व्हिडिओ पाहून रीफ नॉट (दोन टोके जोडायची साधी चपटी गाठ) शिकलेला मुलगा जिथे दोरी दिसेल तिथे तीच मारतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात आमची मुले पाणीवाटपाला उभी होती. रांगेसाठी लावलेला जाड सुंभ अपुरा पडला, म्हणून एका उत्साही मुलाने त्याला बारीक नायलॉनची दोरी रीफ नॉटने जोडली. गर्दीचा भार पडला तसे नायलॉनचे टोक इंचाइंचाने मागे सरकले आणि रांग थेट पाण्याच्या पिंपावर आली. पिंप कलंडले आणि सर्वांचे पाय भिजले, एवढ्यावर निभावले. रीफ नॉट सारख्या जाडीच्या दोऱ्यांसाठी आणि बँडेजसाठी असते. जाडी वेगळी असेल तर शीट बेंड हवी: जाड दोरीचा मोड (दुमडून केलेला अर्धा फासा) घ्यावा, बारीक दोरीचे टोक त्यातून खालून वर काढावे, मोडाच्या दोन्ही पदरांमागून फिरवून स्वतःच्याच पदराखाली ओवावे, आणि नायलॉनसारखी निसरडी दोरी असेल तर आणखी एक वेढा द्यावा. मी प्रत्येकाला पाच फुटांचा दोरीचा तुकडा खिशात ठेवायला लावतो आणि चाचणी दिवे मालवून घेतो. यावर कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

स्काउटच्या नियमांचा रट्टा मारून येणारे तर मोबाईलवर सापडलेले परदेशी दहा नियम म्हणून दाखवतात. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे नियम नऊ आहेत. इतिहासातही 1907 चे ब्राउनसी बेटावरचे पहिले स्काउट शिबिर, 1909 मध्ये भारतात झालेली स्काउटिंगची सुरुवात आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी स्थापन झालेली आपली संस्था यांची खिचडी होते. तीन तारखा तीन वेगळ्या घटनांना जोडून लक्षात ठेवाव्यात.

सॅल्यूटमध्ये अंगठ्याने करंगळी दाबलेली असावी आणि मधली तीन बोटे सरळ व एकमेकांना चिकटलेली असावीत. हस्तांदोलन डाव्या हाताने करावे. बी.पी.चे (स्काउटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे) सहा व्यायाम सहाच आहेत. दोन करून ‘बाकीचे येतात’ म्हणू नये.

दीक्षाविधीआधीच्या (प्रतिज्ञा घेऊन रोव्हर होण्याच्या विधीआधीच्या) आत्मपरीक्षणाच्या रात्री खिशात फोन ठेवून बसणाऱ्यांविषयी मी फार लिहीत नाही. गेल्या वेळेपासून मी दारातच एक पिशवी ठेवतो.

आणि सीताबर्डीतून आधीच गणवेश शिवून घेताना त्यावर सदस्यत्वाचा बॅजही टाचून आणणाऱ्यांना मी विधीपूर्वी तो उसवायला लावतो. बॅज प्रतिज्ञेनंतरच डाव्या खिशाच्या मध्यभागी लागतो. उसवण्यासाठीची छोटी कात्री माझ्या पेटीत कायम असते.