जलपर्णी, घाणेरी, गाजरगवत काढताय? या चुका टाळा

बडोद्यात पावसाळा तोंडावर आला की विश्वामित्री नदीच्या काठावर, तळ्यांवर सफाई सुरू होते. दरवर्षी बघतेय, पोरं दिवसभर घाम गाळतात आणि दोन महिन्यांत परत तेच हिरवंगार. कारण आपण सगळ्या झाडांना एकच उपाय लावतो, ते झाड पसरतं कसं हे बघतच नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज जलपर्णीचा. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि बाहेरच्या जगात बहुतेक ठिकाणी तिचा एकच क्लोन पसरलाय, म्हणजे इथली आणि आफ्रिकेतली जलपर्णी जवळजवळ एकाच रोपाच्या कॉप्या. मग लोक म्हणतात, जनुकीय विविधता नाही ना, एखादा रोग येईल आणि आपोआप संपेल. नाही संपत हो! तेच रोप पाणी खोल असो, उथळ असो, गटाराचं असो, पानं-मुळं कमीजास्त करून तगतं, आणि फुटव्यांवरच एक-दोन आठवड्यांत दुप्पट होतं. तळ्यात येणारं सांडपाणी हेच तिचं खत, त्यामुळे ते आधी थांबवा, ते चालू असेल तर काढणं वायाच.

दुसरं, काढलेला ढीग काठावरच सोडू नका. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री कुठवर आली होती ते आठवा, पाणी चढलं की तो ढीग पुढच्या सोसायटीच्या नाल्यात, आणि एक तुटका फुटवासुद्धा पुरतो. लांब नेऊन वाळवा. चिखलातलं बी 15-20 वर्षं टिकतं म्हणून पुढच्या वर्षीही नजर ठेवायचीच. आणि कृपा करून नदीत उतरू नका, मगरी आहेत, हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि सांगतच राहणार.

घाणेरीचं अगदी उलट. ती एकच क्लोन नाही, बागेसाठी केलेल्या संकरांची सरमिसळ आहे, त्यामुळे एका झुडपाला खाणारी कीड शेजारच्या वेगळ्या रंगाच्या झुडपाला तोंडही लावत नाही. नर्सरीतून नवा रंग आणून कुंपणाला लावला की त्याचे पराग रानातल्या घाणेरीवर जातात आणि अजून नवी मिसळ तयार होते. वरून छाटली तर दुप्पट फुटते, जमिनीच्या थोडं खाली मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा.

गाजरगवत फुलायच्या आधीच उपटा, एक झाड 15-25 हजार बिया टाकतं. हातमोजे, मास्क हवेतच.

आता या झाडांचा डीएनए तपासणाऱ्या कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी. एकाच तळ्यातून वीस पानं घेतली, सगळ्यांचे बँड (डीएनएचे दिसणारे पट्टे) सारखे आले, म्हणून पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) बिघडलं समजून सगळं परत केलं, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. जलपर्णीत सारखे बँड येणं हेच उत्तर असू शकतं. खात्रीसाठी वेगळ्या जातीचं एक पान सोबत चालवा, एकच नमुना दोनदा चालवा, आणि पानं लांबलांबच्या तळ्यांतून घ्या, सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे दाणे) सुकवा, जागा तिथल्या तिथे लिहा. आणि सगळे सारखे आले म्हणून "एकाच तळ्यातून पसरली" असं लिहून मोकळे होऊ नका, तोच क्लोन दहा वेगळ्या वाटांनीही आलेला असतो, ते कळायला नाले कुठे जोडलेत, मासेमारीची जाळी कुठून कुठे जातात, शोभेची रोपं कोण विकतं हे फिरून विचारावं लागतं.