जुन्या गाडीचा विटलेला कलर घरच्या घरी परत कसा आणायचा (आमच्या उन्हात, धुळीत अन् बोअरच्या पाण्यात)

आमच्या अण्णांची लाल मारुती ८०० आहे, २००४ ची, एमएच-२४ पासिंग. अण्णांचे गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती चार वर्षं घरासमोरच्या लिंबाच्या झाडाखाली नुसती उभी होती. लातूरचं ऊन, वरून लिंबोळ्या, पाखरांची घाण, अन् साखर कारखाने सुरू झाले की बगॅसची काळी राख, असं सगळं तिनं अंगावर घेतलं. बोनेट तर लाल राहिलंच नव्हतं, गुलाबी पडलं होतं, हात फिरवला की तळव्याला गुलाबी पावडर लागायची. २०२४ ला दुसऱ्यांदा रिपासिंगला न्यायची वेळ आली तेव्हा पेंटरला दाखवली, तो म्हणला पूर्ण गाडी कलर करावी लागेल, आणि आकडा असा सांगितला की गाडी विकून पण तेवढे आले नसते. मग मी चार रविवार घालवले आणि ती गाडी परत लाल झाली, पूर्ण कलर न करता, फक्त एका दाराच्या खालच्या पट्टीला टचिंग करून. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडं लई चांगल्या गाड्या उगंच पेंटरकडं जायलेत.

आधी हे समजून घ्या की कलर विटतो म्हणजे काय होतं. उन्हानं कलरमधला चिकटून धरणारा भाग मरतो आणि रंगाची भुकटी मोकळी होऊन वर बसते, ती पावडर म्हणजे मेलेला कलर, त्याच्याखाली चांगला कलर बऱ्याचदा जिवंत असतो. जुन्या ८०० सारख्या गाड्यांच्या साध्या रंगात, म्हणजे लाल, पांढरा वगैरे, बऱ्याचदा वर वेगळं क्लिअर नसतं, कलर हाच शेवटचा थर. मेटॅलिक रंगात आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांत खाली कलर आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपली गाडी कोणती हे ओळखायला सोपं आहे, डिकीच्या कोपऱ्यात कुठंतरी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा, फडक्याला गाडीचा रंग लागला तर क्लिअर नाही, नुसता मळ लागला तर क्लिअर आहे. पांढऱ्या गाडीला हे काळ्या फडक्यावर बघा.

आता कोणती गाडी वाचते आणि कोणती नाही. पावडर सुटलीय, धुकट झालीय, उन्हात गोल गोल जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात, पाण्याचे पांढरे डाग आहेत, हे सगळं हातानं निघतं. पण बोनेटवर, टपावर पांढरे चट्टे पडून क्लिअरचे पोपडे निघत असतील, कडेला नख अडकत असेल, तर तिथं कितीही पॉलिश करा काही होणार नाही, तो थरच गेलाय, तेवढा पार्ट पुन्हा कलर करावाच लागतो. ओरखड्याचं पण तसंच, नख फिरवा, नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या मागं लागून बाकीचा कलर घासून पातळ करू नका. हे मी जोर देऊन सांगतोय कारण कंपनीचा सगळा कलर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि त्यातलं क्लिअर ४०-५० मायक्रॉनच, म्हणजे केसापेक्षा पातळ. दरवेळी रबिंग, म्हणजे पॉलिशनं घासून चमकवणं, केलं की त्यातलं थोडं कायमचं जातं. म्हणून नेहमी सगळ्यात सौम्य गोष्टीनं सुरुवात करायची, तिनं नाही झालं तरच पुढची.

आणि आता धुणं, यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडं गाडीचा कलर उन्हानं जेवढा जातो तेवढाच रोज सकाळच्या फडक्यानं जातो. रात्रभर धूळ बसलेली असते, काळ्या रानातली, रस्त्याच्या कामाची मुरूमाची, अन् सकाळी उठून आपण कोरडं फडकं मारतो, म्हणजे बारीक पॉलिश पेपर मारल्यासारखंच. अण्णांनी १५ वर्षं हेच केलं होतं, मायेनं केलं होतं, त्यांची गाडी गल्लीत सगळ्यात स्वच्छ असायची, आणि त्याच मायेचे चरे मला नंतर काढावे लागले. धूळ असेल तर आधी पाणी मारून ती वाहू द्या, मगच हात लावा.

पाणी कमी आहे हे मला माहितीय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना पाइप लावून गाडी धू असं कोणी सांगू नये. दोन बादल्यांत गाडी व्यवस्थित होते. एका बादलीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पार्ट पुसायचा, साध्या पाण्यात पिळून मळ सोडायचा, मग परत शाम्पूत. वरून खाली यायचं, टप आधी, दाराचा खालचा भाग अन् चाकं शेवटी, कारण खालीच सगळी वाळू असते. कपड्याचा सोडा किंवा भांड्याचं लिक्विड नेहमी वापरू नका, वॅक्स धुऊन नेतं. फक्त या कामाच्या अगदी पहिल्या धुण्याला, जुना चिकट मेणचटपणा काढायला भांड्याचं लिक्विड एकदा चालतं.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. आपलं पाणी जड, क्षाराचं, गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग, आणि उन्हात ते कलरमध्ये बसतात. म्हणून सकाळी साडेसहा-सातला धुवा नाहीतर संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर, आणि एक पार्ट धुतला की लगेच टिपून घ्या, सगळी गाडी होऊ द्यायची वाट बघू नका. बरेच जण घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात, पाणी वाचवायचा हेतू चांगला आहे पण त्या पाण्यात क्षार अजून जास्त असतात, ते फरशीला वापरा, गाडीला नको. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी किंवा एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी गाळून साठवलं तर शेवटच्या दोन तांब्यांना ते एकदम उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतातच.

जुने पांढरे डाग पडलेलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं, फडकं भिजवून डागावर मिनिट-दीड मिनिट ठेवा, पुसा, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. गार पत्र्यावर, सावलीत. यानं नाही गेला तर डाग आत उतरलाय, तो पॉलिशला सोडा. डांबराचे ठिपके असतील तर नखानं उकरू नका, खोबरेल तेल लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मऊ पडतं, हळू पुसून घ्या आणि तेल शाम्पूनं काढा. जालन्याकडं स्टीलच्या कारखान्यांजवळ गाडी उभी राहात असेल तर कलरवर लोखंडाचे बारीक कण चिकटून तांबूस ठिपके पडतात, त्याला आयर्न रिमूव्हर मिळतो, मारला की जांभळा होऊन ओघळतो, वाळू न देता धुवायचा.

धुऊन झालं की हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोनेटवर हलका हात फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो, ती खरखर म्हणजे चिकटलेली घाण, शाम्पूनं न निघणारी. तिला क्ले बार लागतो, कार डेकोरच्या दुकानात नाहीतर ऑनलाइन मिळतो, दिसायला मुलांच्या खेळायच्या मातीसारखा. शाम्पूचं पाणी भरपूर मारून क्लेची चपटी पोळी अजिबात जोर न लावता पुढं-मागं सरकवायची, मळली की दुमडून नवी बाजू. जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकून द्या, जीव जळतो पण टाकाच, त्यातला एक खडा अख्ख्या दाराला चरा पाडतो.

गंज असेल तर तो पॉलिशच्या आधी. मारुतीला दाराच्या खालच्या कडेला आणि टपाच्या पन्हाळीत लवकर लागतो. दाराच्या खाली पाणी जायची बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजतात आणि पाणी आत साचून पत्रा आतून खातं, ती आधी काडीनं मोकळी करा. मग गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, राहिलेल्या खड्ड्यांना रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज पुढं वाढू न देणारं औषध), ते वाळल्यावर प्रायमर, मग कलरचे दोन-तीन पातळ हात. कलर मिसळून घ्यायला दुकानात पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून न्या, पण नेण्याआधी ते झाकण पॉलिश करा, नाहीतर दुकानदार विटलेल्या रंगाला मॅच करून देतो आणि गाडी चमकल्यावर टचिंगचा ठिगळ वेगळा दिसतो. टचिंगला आठवडाभर तरी वाळू द्या.

आता रबिंग. रबराच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक, लोगो आणि पत्र्याच्या धारदार कडा यांना मास्किंग टेप लावा. कडांवर कलर सगळ्यात पातळ असतो. बफिंग मशीन हाताळायची सवय नसलेल्या एका पोरानं आमच्या ओळखीच्यांच्या बोनेटची कड अर्ध्या मिनिटात प्रायमरपर्यंत नेली, ते परत येत नाही. म्हणून पहिल्यांदा करताना गोल फिरणारं बफिंग मशीन घेऊच नका. हातानं करा, किंवा डीए पॉलिशर भाड्यानं मिळालं तर ते घ्या, ते फिरता फिरता हलतं, एका जागी तापवत नाही.

सुरुवात एका फुटाच्या तुकड्यावर. आधी बारीक पॉलिश, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मध्यम जोरानं उभे-आडवे हात, चाळीस-पन्नास वेळा, आणि स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसून तिरक्या उजेडात बघा. चमक आली तर पूर्ण गाडी त्याच्यावरच करा. नाही आली तर त्याच तुकड्यावर रबिंग कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट, घ्या आणि त्यानंतर परत बारीक पॉलिश, कारण कंपाउंडचे स्वतःचे बारीक चरे राहतात. एका वेळी दीड बाय दीड फुटापेक्षा मोठा भाग घेऊ नका, आपल्या उन्हाळ्यात ते हातातच वाळतं, आणि वाळलेलं घासलं की चरे. क्लिअर नसलेल्या गाडीत फडकं लाल होईल, घाबरू नका, तो मेलेला कलर आहे. पण फडकं सतत बदला, पॅडचा मळ ब्रशनं झाडा, नाहीतर तीच भुकटी परत पत्र्यावर. आमच्या बोनेटला हातानं दोन तास लागले, टपाला त्याहून जास्त, दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नव्हता. पण पहिला तुकडा पुसला आणि गुलाबी पत्र्याच्या मधोमध एक फूट लालभडक चौकोन दिसला तेव्हा अण्णांना आतून बोलावून आणलं, ते काठी टेकत आले, काहीच बोलले नाहीत, नुसता हात फिरवत उभे राहिले.

पॉलिश पेपर, म्हणजे २००० किंवा ३००० नंबर पाण्यात भिजवून मारायचा, तो गरज पडली तर फक्त टचिंगचा उंचवटा बसवायला. अख्ख्या जुन्या गाडीला पेपर मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, किती कलर शिल्लक आहे हे जाडी मोजायच्या मशीनशिवाय कळत नाही.

पॉलिश झालेला कलर उघडा असतो, त्याला त्याच दिवशी वॅक्स (मेण) किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण रसायनाचा संरक्षक थर) लावा. क्लिअर नसलेल्या जुन्या कलरला साधं पेस्ट वॅक्स फार छान बसतं, पण आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत परत लावावं लागतं, सीलंट त्याहून जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंगवर, म्हणजे कलरवर बसणाऱ्या कडक पारदर्शक थरावर, जुन्या गाडीला मोठा खर्च करायच्या मी विरोधात आहे. खालचे चरे न काढता मारलं तर ते चरेच त्याच्याखाली बंद होतात.

ज्यांचं क्लिअर गेलंय त्यांनी फक्त बोनेट आणि टप कलर करून घ्या, बाकी गाडी आधी पॉलिश करून न्या म्हणजे रंग जुळेल. पेंटरला टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा) कलर आणि क्लिअर कोणतं वापरणार ते विचारा, जुना थर कुठपर्यंत घासणार ते विचारा. हौसेनं गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरटीओत आरसीवर तशी नोंद करावी लागते, नाहीतर पुढं रिपासिंगला, विकायला अडचण.

सांभाळायचं म्हणाल तर झाडाखाली लावू नका, शेड नसेल तर कापडी कव्हर, पण धुतलेल्या गाडीवरच. धुळीवर कव्हर टाकलं अन् वारं सुटलं की ते कव्हरच रात्रभर घासत बसतं. पाखरांची घाण दिसली की त्याच दिवशी ओलं फडकं ठेवून मऊ करून उचला, डिकीत पाण्याची एक स्प्रे बाटली आणि दोन मायक्रोफायबर कायमचे ठेवा. आणि दसऱ्याला पूजा जरूर करा, पण ओल्या कुंकवाचा स्वस्तिक बोनेटवर आठवडाभर राहू देऊ नका, आमच्या बोनेटवर जुना एक होता, त्याची सावली अजून थोडी दिसते. आता आम्ही स्वस्तिक काचेवर काढतो आणि झेंडूचा हार तारेचा न घेता दोऱ्यात ओवलेला घेतो, संध्याकाळी उतरवून ठेवतो.